बहात्तर स्प्रिंगा

“हत्तीचा पाळणा आहे हा,” सासूबाई तिच्या खांद्यामागून पुटपुटल्या. “घरात चिमण्या दोन, आणि पाळणा हत्तीचा.”

सुनेने ऐकलं, आणि ऐकलं नाही असं दाखवायला ती वाकून ट्रॅम्पोलिनच्या खाली बघू लागली. दुकानाच्या मागच्या मोकळ्या जागेत तीन ट्रॅम्पोलिन मांडून ठेवले होते, आठ फुटी, दहा फुटी आणि बारा फुटी, फोटोसाठी उंचीप्रमाणे उभ्या केलेल्या भावंडांसारखे. तिने बारा फुटीच्या पाइपवर नखाने टिचकी मारली. मग दुसऱ्या पायावर, मग सांध्यावर. सतरा वर्षं ती दाताच्या लॅबमध्ये कवळ्या करत होती, आणि कुठलीही वस्तू घेण्याआधी नख वाजवून बघायची सवय तिला तिथेच लागली होती. पोकळ कुठे आणि भरीव कुठे, हे डोळ्यांच्या आधी नखाला कळतं.

विक्रेता कानावर पेन्सिल खोचून बाजूला उभा होता. “जागा किती आहे तुमच्याकडे?”

“पंचवीस बाय चोवीस.”

“त्यात गाडी आहे,” सासूबाई म्हणाल्या.

विक्रेत्याने आधी सासूबाईंकडे पाहिलं, मग सुनेकडे. अशा घरगुती गोष्टींत पडायचं नाही, हे तो धंद्यात शिकला असावा. “गाडी धरून मोजायचं की सोडून?”

“धरून,” सासूबाई म्हणाल्या.

“सोडून,” सून म्हणाली.

दोघी एकमेकींकडे न बघता म्हणाल्या. विक्रेत्याने कानावरची पेन्सिल काढली, तिचं टोक पाहिलं आणि परत कानावर ठेवली.

“हे बघा, चारी बाजूंनी मोकळी जागा लागते. गाडी तिथेच राहणार असेल तर आठ फुटीच्या पुढे जाऊ नका. मुलं केवढी आहेत?”

“थोरली अकराची. धाकटी सहाची.”

“मग थोरली आठ फुटीत दोन वर्षांत कंटाळेल.”

“बारा फुटी द्या,” ती म्हणाली.

सासूबाईंनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. त्यांना जे बोलायचं नसे ते त्या पिशवीशी बोलत.

“जोडायला आमचा माणूस पाठवू? का घरात आहे कुणी?”

“आहे ना,” सासूबाई लगेच म्हणाल्या. “घरचाच आहे. त्याला असल्या कामाची भारी हौस. तो आला की एका हाताने—”

“मी आहे,” सून म्हणाली.

*

तो, तिचा नवरा, चार वर्षांपूर्वी गेला होता. लांबच्या गावी, चांगली नोकरी, वर्षभराचा प्रश्न. पहिल्या वर्षी फोन रोज यायचा. दुसऱ्या वर्षी रविवारी. तिसऱ्या वर्षी मुलींच्या वाढदिवसाला. या वर्षी धाकटीच्या वाढदिवसाला आला तोही तिच्या काकाच्या फोनवर, आणि काकाने अंगणात जाऊन, पाठ फिरवून, बराच वेळ हळू आवाजात बोलून मग फोन आत आणला होता. तोवर धाकटी केकवरच्या मेणबत्तीचं मेण खरवडून त्याच्या गोळ्या करत बसली होती.

या घरात कुठलंही वाक्य ‘तो आल्यावर’ला येऊन थांबत असे. नळ गळतो, तो आल्यावर बघेल. फाटकाची कडी बसत नाही, तो आल्यावर. थोरलीला मोठी सायकल लागली, तेव्हाही तेच. नळाखाली ठेवलेली बादली आता नळाचाच भाग झाली होती, आणि फाटक बांधायची दोरी दोनदा कुजून बदलून झाली होती.

आणि मागच्या बागेत मधोमध त्याची गाडी उभी होती, करड्या आच्छादनाखाली. दर रविवारी सकाळी सासूबाई आच्छादन काढत, बादली आणि फडकं घेऊन गाडी पुसत, काचा, आरसे, दारांच्या मुठीसुद्धा. मग दीर येई. तो चाकांत हवा भरी, गाडी सुरू करी आणि पाच मिनिटं तशीच ठेवी. आल्या आल्या त्याला घेता यावी म्हणून. बॅटरी मेली तेव्हा दिराने नवी आणली. तीही मेली, त्यानंतर फक्त पुसणं आणि हवा भरणं उरलं. एका रविवारी सासूबाईंना ताप होता, तेव्हा गाडी सुनेने पुसली होती. पुसताना ती काय विचार करत होती ते कुणी विचारलं नाही.

लॅबमध्ये तिच्या कपाटात त्याच्या वरच्या जबड्याचा प्लास्टरचा साचा होता. लग्नानंतर तिनेच त्याला एक दात करून दिला होता, तो बसवल्यावर घेतलेला. चार वर्षं तो साचा फडताळातून तिच्याकडे बघून हसत होता. गेल्या महिन्यात कपाटं रिकामी करायची म्हणून जुने साचे पोत्यात भरायला सांगितले. तिने एकेक टाकला. त्याचा हातात आला तेव्हा ती थांबली नाही, फक्त त्या खोट्या दातावरून अंगठा फिरवला. दात अजून चांगला होता. मग तिने तोही पोत्यात टाकला, आणि संध्याकाळी घरी येताना टेप काढून बाग मोजली.

हे तिने सासूबाईंना सांगितलं नाही. म्हातारीच्या हातून रविवारची बादली कशी काढून घ्यायची, तोंडातला घास काढून घ्यावा तशी?

*

रविवारी सकाळी फाटकात दोन खोकी होती, दोघांना मिळूनही उचलेनात अशी. दीर आला तेव्हा सून स्वयंपाकघरातल्या सुरीने खोक्यांच्या पट्ट्या कापत होती, मुली पुठ्ठ्याच्या कडेला नाक लावून आत डोकावत होत्या, आणि सासूबाई बागेत आच्छादन काढून गाडी पुसत होत्या. नेहमीपेक्षा जरा जास्तच जोरात.

“भाऊजी, बरं झालं आलात. गाडी बाहेर काढायची आहे. रस्त्याच्या कडेला.”

दिराने हवा भरायचा पंप खाली ठेवला. “वहिनी, दादाला विचारलंय का तुम्ही?”

“तुम्ही विचारा. तुमचा फोन उचलतात ते.”

दीर मानेमागे खाजवू लागला. तो वाईट माणूस नव्हता. दोन घरांच्या मधे उभं राहून दोघांनाही वारा लागू नये म्हणून हात पसरणारा माणूस होता, आणि आता त्याचे हात दुखायला लागले होते. “तसं नाही. पण उद्या तो आला, आणि गाडी रस्त्यावर दिसली...”

“रस्त्यावर असली म्हणजे आल्या आल्या घेता येईल,” ती म्हणाली. “नाही का आई?”

सासूबाईंचं फडकं काचेवर थांबलं. मग परत फिरू लागलं. “रस्त्यावर धूळ बसते,” त्या काचेला म्हणाल्या.

“मग तिथे जाऊन पुसा. रस्ता काही लांब नाही.”

हे जरा लागलं. तिलाही कळलं, पण तिने शब्द परत घेतला नाही. ती दार उघडून गाडीत बसली, हँडब्रेक सोडला आणि स्टेअरिंग धरलं. आतमध्ये बंद कपाटासारखा वास होता. दिराने मागून जोर लावला, थोरली न सांगता त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि दोन्ही तळवे गाडीला लावून ढकलू लागली. धाकटी पुढून रस्ता दाखवत होती, ज्याची कुणालाच गरज नव्हती. आरशात तिला सासूबाई दिसल्या. बादली उचलून, पाठ ताठ करून, त्या घरात जात होत्या.

गाडी गेल्यावर बागेत एक लांबट चौकोन राहिला, गवत नसलेला, फिकट, त्याच्या चार कोपऱ्यांना चाकांचे चार खड्डे. धाकटी लगेच एका खड्ड्यात जाऊन उभी राहिली.

“आई, इथली जमीन मऊ आहे.”

“ती बरी होईल,” सून म्हणाली. “पाय काढ, आता माती भरायची आहे.”

*

सांगाडा सोपा निघाला. वाकडे पाइप एकात एक घुसत गेले, गोल पुरा झाला, पाय लागले, स्क्रू बसले. दाताच्या कामात स्क्रू तांदळाएवढे असतात. हे बोटाएवढे, त्यामुळे तिला मोठ्या माणसांच्या खेळण्याशी खेळल्यासारखं वाटत होतं. दिराने दोनदा पान हातात पकडून सूचना वाचून दाखवल्या, आणि दोन्ही वेळा पान उलटं धरलेलं होतं.

मग स्प्रिंगा. बहात्तर. तिने त्या थोरलीकडून गवतावर ओळीने लावून घेतल्या. मधोमध उडायचं काळं कापड पसरलं, आणि एका टोकापासून सुरुवात केली. पहिली स्प्रिंग कापडाच्या कडीत, हुकाने ओढून पाइपच्या भोकात. टक. शेजारची दुसरी. टक. तिसरी. मधल्या दातापासून सुरू करायचं आणि एकाला लागून एक बसवत जायचं, हे तिच्या हातांना झोपेतही येत होतं.

वीस झाल्या. तीस झाल्या. पस्तिसाव्या स्प्रिंगेला दोन्ही हात लावावे लागले. अडतिसावी भोकापर्यंत येईना. कापड सगळं एका बाजूला ओढलं गेलं होतं, आणि दुसऱ्या बाजूला कापड आणि पाइप यांच्यामध्ये एवढी फट राहिली होती, की धाकटी त्यात उभी राहून दोन्ही बाजूंना हात पसरू शकली असती.

तिने पाय पाइपला टेकवला आणि पाठीचा जोर लावून ओढलं. स्प्रिंग सटकली, हूक हातातून उडाला आणि तिचं बोट चेमटलं. नखाखाली लगेच काळंनिळं झालं. तिने बोट तोंडात घातलं, काढलं, आणि परत हूक उचलला.

“वहिनी, राहू द्या आता.”

“नाही.”

“अहो, तुमचं बोट बघा. यात ताकद लागते. थोडे दिवस झाकून ठेवू, पावसात राहिला तरी काही होत नाही याला. दादा आला की—”

“भाऊजी,” ती म्हणाली, “तुम्ही ओढा. किंवा घरी जा. दोन्हींपैकी काहीही केलंत तरी चालेल.”

दिराने ओढलं. त्याच्याही हाताने ती भोकापासून चार बोटं लांबच राहिली. तो धापा टाकत गवतावर बसला. थोरलीने स्प्रिंगांच्या ओळीकडे बघितलं, अजून पस्तीस राहिल्या होत्या, आणि तिने ओठ आत ओढून घेतले. बाप गेल्यापासून तिला ही सवय लागली होती, काही मागायचं असलं की ओठ आत ओढून घ्यायचे. चार महिन्यांपूर्वी तिने एकदाच ट्रॅम्पोलिनचं नाव घेतलं होतं, आणि लगेच म्हणाली होती, “नको तसं. मोठा असतो तो.” सुनेला ते ‘नको तसं’ आठवलं. तिने पुन्हा पाय पाइपला टेकवला.

स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती. तिच्यातून गेला अर्धा तास पुटपुट ऐकू येत होती, भांड्यांशी, नळाशी, खालच्या बादलीशी. आता पुटपुट थांबली. दार वाजलं. सासूबाई बाहेर आल्या. कमरेला पदर खोचलेला, एका हातात गाडीचं फडकं, ओलंच.

त्यांनी ट्रॅम्पोलिनभोवती एक पूर्ण फेरी मारली. अडतीस वर्षं त्यांनी शाळेचे गणवेश शिवले होते. बाह्या किती लावल्या याचा हिशेब कुणी ठेवला नव्हता, पण बाजारात एखादं मूल समोरून आलं, की त्या आधी त्याच्या खांद्याकडे बघत आणि मग तोंडाकडे.

“बाही अशी लावतात का गं?” त्या म्हणाल्या.

“आई, हे कापड नाही.”

“कापडच आहे. काळं आहे एवढंच. गोलात गोल बसवायचा आहे. तू एका बाजूने शिवत सुटलीस, मग दुसऱ्या बाजूला पुरणार कसं?” त्यांनी पाइपवर हात ठेवला. “उसव सगळं.”

“सगळं?”

“सदतीसच्या सदतीस. उसवायला लाज वाटली, की बाही तिरकीच राहते जन्मभर.”

सून त्यांच्याकडे बघत राहिली. सासूबाईंनी नजर दिली नाही. त्यांनी हातातलं फडकं दातात धरलं आणि टर्रकन फाडलं. मग परत दुमडून परत फाडलं. चार पट्ट्या झाल्या. दर रविवारी गाडीच्या काचा पुसून मऊ झालेलं ते फडकं इतक्या सहज फाटलं, की दिरानेही मान वर केली.

“आई, ते गाडीचं...”

“फडकं आहे,” सासूबाई म्हणाल्या. “दगडाचं नाही. मोज ग थोरले, अठरा भोकं. तिथे ही बांध. पुन्हा अठरा, तिथे दुसरी. चार टाचण्या आधी, समोरासमोर. मग दोन टाचण्यांच्या मधे एक. मग पुन्हा मधे. कुठेही ओढाताण करायची नाही, कापड आपसूक ताणलं जातं.”

थोरली मोजत फिरली. चार ठिकाणी चार ओल्या पट्ट्या लोंबू लागल्या. सून आणि दीर समोरासमोर उभे राहिले, एक स्प्रिंग इकडे आणि एक तिकडे. मग आडव्या दोन. कापड मधोमध उचललं गेलं, झोका धरल्यासारखं. सासूबाई मागे उभ्या राहून बोट दाखवत होत्या, आणि त्यांचं बोट चुकत नव्हतं. “आता इथे. आता बरोब्बर समोर. भाऊजींना तिकडे पाठव, ते तिथे तोंड बघत उभे आहेत.”

“आई, मी तुझा मुलगा आहे. मला भाऊजी काय म्हणतेस?”

“मग मुलासारखा ओढ.”

पहिल्यांदाच कुणीतरी हसलं. थोरलीच ती. ओठ बाहेर होते.

जसजशी जागा भरत आली तसतसा जोर जास्त लागू लागला, पण प्रत्येक स्प्रिंग आपल्या भोकापर्यंत पोहोचत होती. सुनेचं बोट ठणकत होतं, आणि ती त्याच बोटाने हूक धरत होती. शेवटच्या दोन स्प्रिंगा सासूबाईंनी स्वतः मागून घेतल्या. हूक घेतला, कडीत अडकवला, पूर्वी मशीनच्या पायट्यावर टाकत तसा पाय पुढे टाकला आणि ओढलं. टक. दुसरी धाकटीचा हात हुकावर ठेवून, तिच्यासकट. टक.

स्प्रिंगा झाकणारी निळी गादी चढवली, खांब लावले, जाळी बांधली, शिडी अडकवली. दुपार कलली होती. फाटकाबाहेर गाडीवर कुणाच्या तरी झाडाची पानं पडली होती, आणि ती झटकायला कुणी गेलं नव्हतं.

थोरली आधी चढली. ती मधोमध जाऊन नुसती उभी राहिली, पायाखाली खरंच काही आहे का ते बघत. मग एक छोटी उडी. मग मोठी. तिच्या वेण्या तिच्यापेक्षा उशिरा वर जात होत्या आणि उशिरा खाली येत होत्या. सुनेने चेमटलेलं बोट दुसऱ्या मुठीत धरलं, आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच ती बागेत नुसती उभी राहिली, हातात काही काम नसताना.

धाकटी आपली पाळी येईपर्यंत खोक्यावरची अक्षरं लावत होती. ती नवीन वाचायला शिकली होती, त्यामुळे जगात वाचता येण्यासारखं जे काही दिसेल ते मोठ्याने वाचत असे.

“जास्तीत जास्त... वजन... शंभर किलो.” तिने वर बघितलं. “काका, शंभर किलो म्हणजे किती?”

“खूप.”

“बाबा केवढा आहे?”

थोरलीच्या उड्या लहान होत गेल्या आणि थांबल्या. ती जाळीला बोटं अडकवून उभी राहिली.

“बाबा आला आणि चढला तर तुटेल का?” धाकटीने विचारलं. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. बाबा तिला फोनएवढाच ठाऊक होता.

“नाही गं,” दीर म्हणाला, रस्त्याकडे बघत. “आपण बघू ना. तो आल्यावर—”

“आई,” सून म्हणाली. कशासाठी म्हणाली ते तिलाही माहीत नव्हतं. सासूबाईंना सावरायला असेल. त्यांचा हात धरायला ती अर्धी पुढे झाली.

सासूबाईंनी चपला काढल्या. त्या शेजारी शेजारी नीट ठेवल्या, पुढची टोकं घराकडे. मग शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि एका हाताने जाळीची कड धरली. दुसरा हात त्यांनी सुनेपुढे केला, आधारासाठी. सुनेने तो धरला. दोन्ही हातांना सारखाच लोखंडाचा वास येत होता.

“तुझा बाबा यायचा नाही,” त्या धाकटीला म्हणाल्या. आवाज साधा होता, शिवणाचं माप सांगावं तसा. “चार वर्षं झाली, मला ठाऊक आहे. तुझ्या आईलाही ठाऊक आहे. आम्ही दोघी एकमेकींसाठी गप्प होतो.” आणि मग त्यांनी वर बघून थोरलीला हाक मारली. “सरक जरा. आजी केवढी आहे ते बघू दे याला.”